खंदारे बाईंनी मासा निवडला

परभणीत नोकरी लागली आणि मी खंदारे बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर पायरीवर झाकलेलं ताट होतं आणि जिना उतरणाऱ्या एका ठेंगण्या बाईंची पाठ दिसत होती. मागं न वळताच त्या म्हणाल्या, "भाकर गरम हाय तवर खाऊन घे. ताट उद्या दिलं तरी चालतंय."

बास, एवढंच. नाव, गाव, पगार, लग्न झालं का, काही नाही. एवढ्या चौकशा झाल्याशिवाय आपल्याकडं पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं होत नाही, त्यामुळं मला वाटलं बाई तुसड्या असतील. ओळख वाढल्यावर मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर हसून म्हणाल्या, "वैशाली, पहिल्या दिवशी माणसाला काई विचारू नये. नव्या जागी ते आधीच बेजार असतंय. त्याला जेवू द्यावं, झोपू द्यावं. विचारायला काय, पुढं सगळं आयुष्य पडलंय."

हे शहाणपण त्यांना पाथरीच्या मुलींच्या वसतिगृहानं दिलं होतं. तिथं त्या गृहपाल होत्या आणि सगळी नोकरी त्यांनी त्याच कामात काढली. पूर्ण नाव शशिकला खंदारे, पण पाथरीत काय आणि परभणीत काय, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. मूळच्या ताडकळसच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सकाळी अंघोळ झाली की बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या, आवाज असा खणखणीत की मला वर गजर लावायची गरज पडत नसे. जेवायला नेहमी शेवटी बसायच्या. घरात दुसरं कोणी नसलं तर आधी मांजरीला वाढायच्या, मग स्वतः घ्यायच्या. आणि कुठल्याही खोलीत शिरताना दारावर दोन टिचक्या मारायच्या. स्वतःच्या झोपायच्या खोलीतसुद्धा, जिथं आत कोणी असायची शक्यताच नव्हती.

"पोरींच्या खोलीत न वाजवता जाऊ नये," त्या म्हणायच्या. "आता हाताला सांगितलं तरी ते ऐकत न्हाई."

मी आले तेव्हा बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दिवाणखान्यात भिंतीला लागून पलंगाएवढी लांब काचेची टाकी रिकामी पडलेली होती. मला वाटलं, कुठल्या तरी दुकानाचं काउंटर असेल. पुढं एका रविवारी बाई बाटलीत बोअरचं पाणी घेऊन वर आल्या.

"तू माती तपासतीस ना? मग हे बघून सांग. मला याचा समुद्र करायचाय."

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडं लोक येतात ते जमिनीतला खार कसा कमी करायचा हे विचारायला. खार वाढवायला निघालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. पाणी तपासून मी सांगितलं की हे असं चालणार नाही, आधी गाळून पार कोरं करावं लागेल, मग त्यात समुद्राचं तयार मीठ मोजून घालावं लागेल. बाईंनी मान डोलावली. त्यांना हे सगळं आधीच माहीत होतं. फक्त कुणीतरी बघून 'होय' म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती.

समुद्राचं वेड त्यांना लागलं मालवणला. वसतिगृहाच्या मुलींची सहल घेऊन त्या गेल्या होत्या. तिथला नावाडी तोंडावर काच लावून पाण्याखाली बघायला शिकवत होता, पण एकही मुलगी पुढं होईना. पन्नाशीच्या बाई, पोहता येत नाही, तरी साडीवरच जॅकेट चढवून "मी आधी जाते" म्हणाल्या आणि नावेची कड धरून तोंड पाण्यात घातलं.

"खाली दगडाला फुलं आल्यावानी दिसलं," त्या सांगायच्या. "अन् त्या फुलांतनं एक मासा वर आला. पांढरा-पिवळा. डोळ्यावरनं काळी पट्टी, जशी काजळ घालताना हात हालावा. त्याला फुलपाखरू मासा म्हंतेत. माझ्याकडं बघितलं अन् वळून गेला. बाई कोणाच्या, कुठल्या, काई विचारलं न्हाई त्यानं."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली.

टाकी भरली, दिवे लागले, पाणी थंड ठेवायचं यंत्र घुमायला लागलं. परभणीच्या उन्हाळ्यात माणसांना मिळत नाही असला गारवा त्या पाण्याला मिळाला. पण कितीतरी महिने आत नुसते दगड. बाई काही घालेचनात. गल्लीत बोलणं सुरू झालं की खंदारे बाई दगड पाळायल्यात. बाईंच्या कानावर ते गेलं तर म्हणाल्या, "पाळायलेच. आधी घर मुरू द्यावं लागतंय."

मग एकेक करून मऊ प्रवाळ आलं. आपण अंगठीतलं पोवळं बघतो, तसं ते कडक नसतं. एक चामड्यासारखं, वर बोटं फुटलेलं. एक भूछत्रासारखं. आणि दगडावर पसरणारी बारीक रंगीत फुलं, ज्यांना बाई 'बटणं' म्हणायच्या. कोणीतरी दगडी प्रवाळ आणून द्यायची तयारी दाखवली होती, तर बाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "त्याला कायद्यानं वाघाएवढं जपलंय. वाघ आणून बांधताव का दिवाणखान्यात?"

बघायला येणाऱ्यांसाठी एकच नियम होता. टाकीची काच वाजवायची नाही. "वाजवायचं तर दार वाजवा, काच न्हाई."

टाकीचं सगळं सामान आणून द्यायचे हबीबभाई. स्टेशन रोडला त्यांचं रंगीत माशांचं छोटं दुकान. सोनमासे, गप्पी, कासवाचं खाणं. परभणीत खाऱ्या पाण्याचं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं आणि त्या एका गिऱ्हाइकानं त्यांना दुकान सुरू केल्याच्या दिवसाचा उत्साह परत आणून दिला होता. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांना ते फोन करायचे, माशांचे फोटो मागवायचे आणि दुकान बंद करून घरी जाताना बाईंना दाखवायला थांबायचे.

"मॅडम, हा बघा. फुलपाखरूच आहे. एकदम शरीफ मासा."

"जेवताना दाखवा."

"ऑं?"

"फोटोत समदेच शरीफ असतेत, हबीबभाई. जेवताना कसा वागतो ते दाखवा."

कारण तोवर बाईंनी वाचून काढलं होतं. रात्रीचं जेवण झालं की चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ धरायच्या, अडलं की मला हाक मारायच्या. आणि जे कळलं त्यानं त्यांचं मन मोडलं असतं, पण त्या हसल्या. फुलपाखरू माशांतल्या बहुतेकांचं अन्नच मुळी प्रवाळ. मालवणला दिसलेलाही त्यातलाच.

"म्हंजे तो फुलं बघत नव्हता गं," बाई म्हणाल्या. "जेवत होता!"

मग निवड सुरू झाली, आणि ती वर्षभर चालली. काही मासे प्रवाळाशिवाय दुसरं काही तोंडातच घेत नाहीत, घरी आणले की उपाशी मरतात. ते बाईंनी पहिल्या झटक्यात बाजूला काढले. काही सगळं खातात आणि वर प्रवाळही खातात. तेही गेले. एक पांढरा-पिवळा मासा पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खातो, प्रवाळाच्या वाटेला जात नाही, पण त्याला थव्यात राहायची सवय. आमची टाकी त्याला पुरायची नाही. "एकट्याला आणून काय करू? बोलंल कुणाशी?" म्हणून तोही राहून गेला.

एकदा हबीबभाईंनी न विचारताच मासा आणला. काळे-पांढरे पट्टे, पिवळी शेपटी आणि पाठीवरून निघालेला लांब पांढरा तुरा. देखणा असा की मांजरसुद्धा येऊन बसली. व्यापाऱ्यानं छातीला हात लावून सांगितलं होतं की हा प्रवाळाला तोंड लावत नाही. बाईंनी चष्मा खाली ओढून तो बराच वेळ न्याहाळला.

"याच्यावानीच दिसणारा दुसरा एक असतो. जुळे भाऊ म्हणा. एक सज्जन, एक खोडकर. सज्जनाचं तोंड आखूड अन् छाती गोल असती म्हंतेत. याचं तोंड मला जरा लांब वाटायलंय."

"मॅडम, एवढं बारीक कोण बघतं?" हबीबभाई कळवळून म्हणाले. "सोडून द्या, बघू काय होतं ते."

बाईंनी सोडला नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात छोटी टाकी होती, तिच्यात त्याला ठेवलं आणि बटणांचा एक लहानसा दगड सोबत दिला. दोन-तीन दिवसांत निम्मी बटणं गायब आणि उरलेली मिटून बसलेली. हबीबभाईंचा चेहरा पडला. मी आपली मध्ये बोलले, "बाई, मोठ्या टाकीत इतकी आहेत. थोडी खाल्ली तर काय बिघडलं?"

"'बघू' म्हणून मी कधी कुणाला कुणाच्या खोलीत टाकलं न्हाई," बाई म्हणाल्या. "एकदा बिनसलं की दोघींच्या बी मनात राहतंय. आपुन फकस्त खोली बदलतो, मन कुठं बदलतंय?" मग हबीबभाईंकडं वळून, "अन् तुमी तोंड पाडू नका. त्याचा काय दोष? त्याला त्याची खोली पायजे, एवढंच."

ती खोली हबीबभाईंच्या दुकानात झाली. बिनप्रवाळाची, खाऱ्या पाण्याची, रस्त्याकडं तोंड करून मांडलेली टाकी. मीठ मोजायला बाई स्वतः गेल्या. शाळा सुटायच्या वेळी त्या दुकानापुढं इतकी गर्दी व्हायला लागली की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं तक्रार केली.

या सगळ्यात बाईंच्या टाकीत एक वेगळंच संकट वाढत होतं. कुठल्याशा दगडाबरोबर काचेसारखं पारदर्शक एक फूल आलं होतं. सुरुवातीला आम्हाला ते सुंदरही वाटलं. मग त्याची दोन झाली, मग दगडाच्या फटीफटीतून ती डोलायला लागली. ती फुलं डंख मारायची, शेजारचं प्रवाळ आक्रसून जायचं. ओढून काढावं तर तुटलेल्या तुकड्यातून नवं उगवायचं. मी शेतीच्या खात्यातली, मला ओळखीचं वाटलं. "बाई, हे तुमच्या टाकीतलं गाजरगवत." बाईंनी इंजेक्शनच्या सुईनं एकेकाच्या तोंडात लिंबाचा रस सोडून पाहिला. एक मरायचं, चार दिसायची. चामड्यासारखं ते मोठं प्रवाळ, बाईंचं सगळ्यांत लाडकं, एका बाजूनं काळवंडायला लागलं.

यावर उपाय होता आणि तो फुलपाखरू माशांतच होता. चोचीचा मासा. अंगावर तांब्याच्या रंगाचे उभे पट्टे, तोंड चिमट्यासारखं लांब. फटीतलं खाणं टिपून खातो आणि ही काचफुलं त्याला आवडतात. प्रवाळाला बहुतेक वेळा त्रास देत नाही. हबीबभाई आनंदानं उड्या मारायच्या बेतात होते. पण बाईंनी त्याच्याबद्दलही वाचून ठेवलं होतं. हा मासा लाजाळू. पकडून आणलेले कित्येक नव्या जागी तोंडच उघडत नाहीत आणि झुरून मरतात.

बाईंनी कितीतरी दिवस होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एका दुपारी त्या टाकीसमोर बसल्या होत्या आणि मी मनात होतं ते विचारून टाकलं.

"बाई, समुद्रातलं जितराब समुद्रातनं काढून आणायचंच कशाला?"

मला वाटलं रागावतील.

"तुझं खरं हाय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी जीव न मारायचं शील घेते. अन् इथं माझ्या हौसेपायी कोणी उपाशी मरायचा. मी मनाची समजूत काढायलते, की पोरीबी अशाच घरून तोडून आणलेल्या असायच्या, त्या जगल्या, वाढल्या. पर ते खरं न्हाई गं. पोरी शिकायला यायच्या. अन् दिवाळीला घरी जायच्या. माशाला कुठली दिवाळी?"

टाकीत ती काचफुलं डोलत होती.

"समुद्रातनं नवा काढायचा न्हाई," बाई उठत म्हणाल्या. "आधीच काढलेला, कुणाच्या घरी ऱ्हायलेला, अन् घर जाणार असलेला कोणी असंल, तर बघू. हबीबभाईंना सांग."

असा मासा मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पण हबीबभाईंनी फोनवर फोन केले आणि पुण्यात एक माणूस शोधून काढला. तो परदेशी चालला होता आणि टाकी मोडत होता. त्याच्याकडं चोचीचा एक मासा होता, त्याच्या घरात चांगला रुळलेला. त्यानं जेवतानाचा व्हिडिओ पाठवला. बाईंनी तो तीनदा बघितला, मला दाखवला, मांजरीलाही दाखवला.

"आणा," म्हणाल्या. "पर एकदा आणला की जिम्मा आपला. शेवटपर्यंत."

थर्मोकोलचा खोका पुण्याहून गाडीनं सकाळी स्टेशनवर आला. हबीबभाई तो रिक्षात मांडीवर धरून घेऊन आले. बाईंनी खोक्याच्या झाकणावर दोन टिचक्या मारल्या आणि मग उघडला. पिशवीतल्या पाण्यात आमच्या टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं मिसळत दुपार झाली. शेवटी मासा टाकीत शिरला. तो दगडामागं गेला आणि गेलाच.

संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, "पहिला दिवस हाय." दुसऱ्या दिवशी आला, पण पुढं टाकलेल्या खाण्याकडं बघून वळला. तिसऱ्या दिवशीही तेच. पुण्याच्या माणसानं जे खाणं देत होतो म्हणून सांगितलं होतं, तेच होतं. त्यानं आनंदानं खाल्लेलं आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. पण ते घर वेगळं होतं. इथं तो चोच जवळ न्यायचा, वास घेतल्यासारखं करायचा आणि मागं सरायचा. काचफुलांकडं तर ढुंकूनही बघत नव्हता. हळूहळू त्याची पाठ धारेसारखी दिसायला लागली. हबीबभाई दुकान सोडून येऊन बसायचे. मी कामावरून आले की आधी खाली डोकवायचे. बाईंची वंदना तेवढीच खणखणीत होती, पण दिवसभर त्या टाकीसमोरून हलत नव्हत्या.

एकदा आम्ही तिघंही टाकीसमोर ओळीनं बसलेलो, नजर माशावर. बाई अचानक म्हणाल्या, "सुरेखा."

"कोण सुरेखा?"

"माझ्या वसतिगृहात होती. मेंढरंवाल्यांची पोरगी. जन्मापासून कळपामागं हिंडलेली. पहिल्यांदाच पक्क्या छताखाली आलती. जेवायच्या हॉलमध्ये ताट पुढं घेऊन बसायची अन् घास उचलायची न्हाई. आमी काय काय केलं! गोड करून बघितलं, रागं भरून बघितलं. सगळ्या पोरी भोवती बसून 'खा गं, खा गं' करायच्या. ती आणखीच आक्रसायची." बाईंनी माशाकडं बघितलं. "मग मला उमगलं. सगळा हॉल तिच्या तोंडाकडं बघायलाय. इतके डोळे अंगावर घेऊन कोण जेवंल? मी माझं ताट घेतलं अन् मागं लिंबाखाली जाऊन बसले, भिंतीकडं तोंड करून. तिला सांगितलं, तुझं बी घेऊन ये. ती माझ्या पाठीमागं बसली. मी वळले न्हाई. माझी भाकर खाल्ली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पाठीमागं ताटात भाकर मोडल्याचा आवाज आला."

"मग?" हबीबभाईंनी विचारलं.

"मग काय? आता नर्स हाय. लोकांना रागं भरून खाऊ घालती." बाई उठल्या, कपाटातून चादर काढली आणि टाकीच्या पुढच्या काचेवर सोडली. "आपुन लय बघायलोत त्याच्याकडं. चला, उठा."

दोन दिवस चादर उघडायची नाही असं ठरलं. त्या दोन दिवसांत हबीबभाईंना आठवलं की असल्या हट्टी चोचवाल्यांना लोक शिंपला अर्धा उघडून देतात, चोच घालून टिपायची त्यांची सवय त्यानं जागी होते. पण समुद्रातले ताजे शिंपले परभणीत कुठून आणायचे?

"गंगेत हायेत की," बाई म्हणाल्या.

गंगा म्हणजे आमची गोदावरी. हबीबभाई मोटारसायकल काढून गंगाखेडला गेले आणि तिथल्या भोयांकडून नदीतले शिंपले घेऊन आले, ओल्या पोत्यात गुंडाळून. बाईंनी ते बर्फात ठेवले, मग स्वच्छ पाण्यात धुतले. धुताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शिंपल्याला कोणी विचारलं, असं तू म्हणशील. म्हण. त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई."

मी धुतलेले शिंपले उचलून ताटात ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अर्धा उघडलेला शिंपला दगडाच्या खाचेत नीट बसवला, चादर काढून घेतली आणि तीन ताटं वाढली. वरणफळं नाहीत की काही नाही, साधी भाकरी, पिठलं आणि ठेचा. "टाकीकडं पाठ करून बसा," असा हुकूम झाला. पहिल्यांदाच बाई आमच्याबरोबर जेवायला बसल्या. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत मागची टाकी अंधुक दिसत होती आणि आम्ही तिघंही, मान न वळवता, त्या काचेकडं बघत घास गिळत होतो. हबीबभाईंनी ठेच्याचा एवढा मोठा घास घेतला की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, पण खोकायची हिंमत नव्हती.

काचेत तांब्याचा पट्टा हलला. दगडामागून बाहेर आला, थांबला. शिंपल्याभोवती फिरला. परत गेला. माझा हात ताटातच राहिला. मग तो पुन्हा आला, तिरपा झाला आणि चोच शिंपल्यात घालून एक झटका दिला. मग दुसरा.

हबीबभाई वळणारच होते.

"कोणी वळू नका," बाई हळू म्हणाल्या. त्या भाकरी चावत राहिल्या, संथपणे, जसं काही झालंच नाही. फक्त पुढच्या घासाला त्यांनी पिठल्याऐवजी पाण्यात भाकरी बुडवली, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर काही दिवस तो गोदावरीच्या शिंपल्यांवरच जगला. मग शिंपल्याशेजारी ठेवलेलं दुसरं खाणं टिपायला लागला. मग एका सकाळी बाईंच्या वंदनेऐवजी त्यांच्या हाकेनं मला जाग आली. धावत खाली गेले तर बाई मेणबत्ती हातात घेऊन टाकीसमोर उभ्या. चोचीच्या माशानं एका काचफुलाला फटीतून ओढून काढलं होतं आणि दोरा गिळावा तसा ते गिळत होता.

दोन महिन्यांत टाकीतलं गाजरगवत दिसेनासं झालं. बटणं परत उघडली. काळवंडलेल्या प्रवाळाच्या कडेला नवी पांढरी बोटं फुटली. मासा पूर्ण साधू निघाला असं मात्र नाही. नळीत राहणारे पिसाऱ्याचे दोन किडे बाईंनी हौसेनं ठेवले होते, ते त्यानं फस्त केले. मी सांगितलं तर बाई म्हणाल्या, "केले असतील. तो काय आता पाहुणा हाय का? घरातलं माणूस चार गोष्टी बिघडवणारच." आणि संध्याकाळी बाई खुर्चीत बसल्या की तो काचेजवळ यायचा, त्या जिकडं सरकतील तिकडं सरकायचा. त्याला त्यांनी नाव ठेवलं नाही. "नाव त्यानं सांगितलं तर ठेवीन," म्हणायच्या.

मग माझी बदली झाली.

तोवर ते चामड्यासारखं प्रवाळ इतकं फोफावलं होतं की त्याच्या सावलीत बाकीच्यांना उजेड मिळेना. बाईंनी धारदार ब्लेडनं त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा लहान दगडावर बांधला. ते जगले, वाढले. पूर्णेला रेल्वेत काम करणारे एक साहेब होते, बाईंची टाकी बघून त्यांनी घरी टाकी मांडली होती. बाई दोनदा जाऊन ती बघून आल्या, पाणी माझ्याकडून तपासून घेतलं, साहेबांच्या बायकोशी बोलल्या, आणि मगच पहिला तुकडा द्यायचं कबूल केलं.

मी निघाले त्याच सकाळी तो तुकडा पूर्णेला जायचा होता. माझं सामान टेम्पोत चढत होतं. गेटपाशी हबीबभाईंची मोटारसायकल सुरू होती. बाई साडीचा पदर डोक्यावरून घट्ट बांधून मागं एका अंगानं बसल्या, मांडीवर पाण्याचा डबा, दोन्ही हात त्याच्यावर.

"बसनं गेला असता तर बरं झालं असतं, बाई," मी म्हणाले.

"बसमध्ये हिंदकळतंय." मग माझ्याकडं नीट बघून, "तिकडं गेल्यावर आधी पाणी तपासून घे. तिथलं बोअर कसं हाय कोण जाणे. अन् जेवत जा वेळेवर." एवढं बोलून त्यांनी हबीबभाईंच्या खांद्यावर टिचकी मारली. "चला."

मोटारसायकल गल्लीतून पूर्णेला जाणाऱ्या ताडकळसच्या रस्त्याकडं निघाली.

"हबीबभाई, खड्डा!"

"दिसला, मॅडम."

"दिसला तर टाळा ना मग!"

पुढं गतिरोधक होता. हबीबभाईंनी गाडी पार थांबवली. बाई उतरल्या, डबा दोन्ही हातांत छातीशी धरला, पाण्याच्या पातळीवर नजर ठेवून त्या उंचवट्यावरून चालत पलीकडं गेल्या आणि गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. बाईंनी मान वर केली नाही. हबीबभाई गाडी घेऊन आले, बाई परत बसल्या. वळणाच्या अलीकडं दुसरा गतिरोधक आहे. मी टेम्पोपाशी उभी राहून बघत होते. तिथंही गाडी थांबली, आणि बाई डबा घेऊन खाली उतरल्या.